मी दिलेलं लोह

बहिणीला थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागे. तिचं रक्त टिकत नाही, एवढंच आम्हाला टोकावड्यात ठाऊक. उपाय मात्र मला ठाऊक होता! आमच्या युवक मंडळाचं पत्रक मीच लिहिलं होतं: ‘रक्त कमी? लोखंडी कढईत भाजी शिजवा, लोहाच्या गोळ्या घ्या.’ डोळखांबच्या पाड्यांवर ते दारोदार वाटलं होतं. लोकांना सांगतो ते घरात नको? आईचं पातेलं बंद करून कढई आणली. बहिणीला वर्षभर गोळ्या मीच दिल्या. ती गिळेपर्यंत समोरून हलत नसे.

मग मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी एमआरआय सांगितला. चढवलेल्या प्रत्येक पिशवीतलं लोह शरीरातच राहतं, म्हणाल्या. लिव्हरमध्ये साचतं, हृदयात साचतं, आणि मग हृदय बंदही पडू शकतं. किती साचलंय ते मशीन दाखवेल.

लोह.

एमआरआयच्या खोलीत धातू चालत नाही म्हणून आईनं बहिणीच्या कुड्या आणि ताईत काढून मुठीत धरले. दाराआड मशीनचा घणाचे घाव पडावेत तसा आवाज सुरू झाला. मी मनात गोळ्या मोजू लागलो. हिशेब लागेना.

बाईंनी चित्र दाखवलं. लोह जास्त तिथं काळं. लिव्हर तव्याच्या बुडासारखं दिसत होतं.

“हृदय?” मी कसंबसं विचारलं.

“अजून बचावलंय. हिला लोहाच्या गोळ्या कुणी दिल्या होत्या का?”

“नाय ओ,” आई चटकन म्हणाली.

“मी दिल्या.”

“बरंचसं लोह चढवलेल्या रक्तातलंच आहे. पण तुम्ही भर घातलीत. बंद करा. आता लोह काढायच्या गोळ्या देते, त्या चुकवू नका.”

बहीण कुडी अडकवत म्हणाली, “दादा, याचं पन पत्रक काढ. वर तुझा फोटू टाक.”

आई हसली. मला मात्र डोळखांबच्या पाड्यावरची, बहिणीसारखीच पिवळट, पोट पुढं आलेली पोर आठवली. तिच्या आजीला पत्रक मीच वाचून दाखवलं होतं.

दुसऱ्या सकाळी पहिली एसटी धरली. त्या घराला बाहेरून कडी होती.

“भात काढून गेली समदी भिवंडीकडं, वीटभट्टीवर,” शेजारीण म्हणाली. “कोणती भट्टी, ठाव नाय. पोरीच्या गोळ्या नेल्यात हां. तू सांगितलेल्या.”