मुदतीच्या आत

दुपारची भांडी आवरून हेमांगी लेकीला पाजायला आडवी होते. जुई चुटूचुटू ओढते, मध्येच थांबते, झोपले की काय असं स्वतःलाच विचारल्यासारखी पुन्हा एकदा ओढते. तिचं डोकं आईच्या डाव्या हातावर आहे, आईचा उजवा हात तिच्या पाठीवर. बाहेर भंगारवाला ओरडत जातो. गल्लीच्या टोकापर्यंत त्याचा आवाज पातळ होत विरून जातो.

झापड येते, पण झोप लागत नाही. मनात शुक्रवार आहे. सरकारी प्रयोगशाळेतली नोकरी गेली, त्याला शुक्रवारी वर्ष पुरं होतंय. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं म्हणून रजा मंजूर व्हायच्या आधीच ती घरी राहिली, आणि तेवढ्यावरून तिला कमी केलं. त्या आदेशाविरुद्ध न्यायाधिकरणात जायचं तर शुक्रवारच्या आत. मुदत टळली की आधी उशिराचीच माफी मागत बसायचं. टेकाळे वकील अर्ज तयार ठेवून तिच्या सहीसाठी खोळंबलेत. पण मोठ्या साहेबांनी तिचं निवेदन ठेवून घेतलंय, बघतो म्हणालेत. कोर्टात गेलं आणि साहेबांचंच बिनसलं तर? सासूबाई म्हणतात, सरकारशी भांडून कुणाचं भलं झालंय, तुझ्या आईचंच बघ की.

आई दारात उभी आहे.

पांढरी साडी, निळा काठ, खांद्याला लशींचा डबा. जुई पोटात यायच्या आधीच आई गेली हे हेमांगीला नीट माहीत आहे. तरी तिच्या मनात एवढंच येतं, की हिला चहा विचारावा.

आई म्हणते, उठू नकोस, तिचं पोट भरू दे. आणि शेजारी टेकते, तर तो बाक आहे. घरातली सतरंजी संपते तिथून कोर्टाचा व्हरांडा सुरू झालाय. बाकावर मांडीवर लेकरं घेऊन बाया बसल्यात. खिडकीमागचा कारकून एकेक फाईल घेतो, झोळीत घालतो आणि वजनाच्या काट्याला अडकवतो. एक फाईल रडायला लागते. आई उठून तिला थोपटते, गप करते, परत येऊन बसते.

हेमांगी सांगत सुटते. साहेब चांगले आहेत, बसायला खुर्ची देतात, पुढच्या आठवड्यात या म्हणतात.

"माझ्या साहेबांनी तर चहा पाजला होता गं," आई म्हणते. "बशीत बिस्कीट ठेवून."

हेमांगीला ते ठाऊक आहे. लशी खराब झाल्या आणि खापर आईवर फुटलं. नर्सची नोकरी गेली. मग दर नव्या साहेबाला आई नवं निवेदन देत राहिली. निवेदन आत आहे तोवर आपली वेळ राखलेली आहे, असं तिला वाटायचं. सगळे साहेब बदलून झाल्यावर ती कोर्टात गेली.

"तिथं काय म्हणाले तुला?"

"उशिरा का आलात, म्हणाले. लशी कुणी खराब केल्या ते कुणी विचारलंच नाही."

व्हरांड्यात आता तांदूळ शिजल्याचा वास येतो. आई जुईची कानशिलं निरखते, तुझ्यावरच गेलीत म्हणते. मग विचारते, हिची गोवराची लस कधी आहे? पुढच्या महिन्यात, हेमांगी सांगते.

"आधी साहेबांच्या उत्तराची वाट बघशील, मग नेशील?"

"असं कसं?"

"मग. कुणी बघतो म्हणालं म्हणून गोवर थांबत नाही."

हेमांगी हळूच म्हणते, "आणि मीही हरले तर?"

"मी कुठं हरले? माझी केस उभीच राहिली नाही. तू हरलीस तरी आत जाऊन हर."

एवढं बोलून आई तिच्या ओढणीचं टोक ओढून घेते. गावातल्या बायांना लशीची तारीख लक्षात राहावी म्हणून ती त्यांच्या पदराला गाठ मारून द्यायची. तशीच आताही मारते, दातात धरून घट्ट करते. हेमांगी तिचा हात धरायला जाते, तर हाताला डब्याचा गारवा लागतो. नुसताच गारवा.

जुई कुरकुरते.

छताचा पंखा फिरतोय. लेकीच्या डोक्याखाली डाव्या हाताला मुंग्या आल्यात, उजवा तिच्या पाठीवर होता तिथंच आहे. हेमांगी फोन ओढून घेते आणि टेकाळे वकिलांना सांगते, की साहेबांचं उत्तर आलेलं नाही, आणि ती आता त्याची वाट बघत नाहीये. उद्या लेकीला घेऊनच सहीला येते. तिकडून ते म्हणतात, या, बाई, मी थांबतो.

फोन ठेवून ती ओढणी सावरते. टोकाला गाठ आहे. घट्ट, आणि अजून थोडी ओली. हेमांगी तिला नख लावून बघते आणि तसंच मागे घेते. अर्ज आत जाईपर्यंत ती सोडणार नाही.