सगळे डावेच

सोमवारी माझ्या कटिंगच्या टेबलापाशी मी एका मुलीला रडवलं... आणि चूक माझी होती.

मी सोलापुरात शाळेचे युनिफॉर्म शिवून देतो. मी कामाला होतो तो कारखाना बंद पडला तेव्हा पुढच्या खोलीतला पलंग हलवून तिथं टेबल टाकलं. कटिंग कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकलो. एका सुताचाही फरक पडू देत नाही, हे येईल त्याला ऐकवत असतो.

शिल्पा आमच्याच गल्लीतली, बी.कॉम. झालेली. दोन वर्षं नोकरी शोधून थकली, मग जुनं मशीन घेऊन घरीच शिलाई सुरू केली. पहिलं काम माझंच... मी कापून दिलेले पंचवीस शर्ट.

ते आणून दिले, तर प्रत्येक शर्टाच्या पुढच्या उजव्या भागाला कापड उलटं! माझ्याकडून काम नेणाऱ्या बाकीच्या चार शिलाईवाल्या तिथंच बसल्या होत्या. मी गठ्ठा आपटला. "सुलटं-उलटं कळत नाही? मशीन विकून टाक की!"

ती डोळे पुसत निघून गेली.

बुधवारी गल्लीच्या ग्रुपवर तिचा मेसेज... 'शिलाई मशीन विकणे आहे. चालू स्थितीत.'

तेव्हा कुठं मी त्याच कटिंगचा उरलेला गठ्ठा सोडून पाहिला. शर्टाचा पहिला पुढचा भाग डावा, दुसरा डावा, तिसराही... सगळे डावेच. कापडाचे थर सुलटी बाजू समोरासमोर ठेवून मांडले, तरच डाव्या-उजव्याची जोडी निघते. मी सगळे एकाच तोंडानं मांडले होते. थर मांडताना फोनवर एकाला कटिंगमधले बारकावे समजावत होतो, हेही आठवलं...

तसाच तिच्या घरी गेलो. चूक सांगितली.

"दुसऱ्याच शर्टाला शंका आली होती, काका. पण कटिंग तुमचं... म्हटलं, माझंच चुकत असंल."

मी माफी मागितली. तिची आई दारातच उभी होती. "वरडताना चौघी होत्या की समोर. माफी मागायला एकटंच आलाय व्हय?"



काल त्या चौघींना आणि शिल्पाला बोलावलं, गठ्ठा उघडून माझी चूक दाखवली. शिल्पा ऐकून गेली, मशीनचं काही बोलली नाही. मेसेज अजून ग्रुपवर आहे.

म्हणून इथंही लिहितोय. गल्लीतले बरेच जण हे वाचतात... ज्यांनी त्या मशीनची चौकशी केली आहे, त्यांना हात जोडून सांगतो, थोडं थांबा. मशीन चांगलं आहे. चालवणारी त्याहून चांगली आहे.