मोरूने बुजवलेल्या भेगा

बोर्ली पंचतनजवळच्या आमच्या वाडीत, देवीच्या तळ्याकाठी, जांभ्या दगडाची एक धर्मशाळा होती. जत्रेच्या दिवशी पालखी तिथे टेकायची. तिची चावी मोरूकडे असे, त्याच्या आधी त्याच्या बापाकडे होती. भातकापणी आटोपली की मोरू खड्ड्यात चुना भिजवायचा, त्यात गुळाचं पाणी घालायचा आणि धर्मशाळेच्या भेगा बोटाने भरत बसायचा. चुन्याने त्याच्या उजव्या तर्जनीचं नख पार खाऊन टाकलं होतं.

"अरे, थापी घे की," मी एकदा म्हणालो.

"थापीनं वरवर बसतो, गुरुजी. आत किती खोल हाय, ते बोटालाच कळतं."

दोन वर्षांपूर्वी माझी जुनी विद्यार्थिनी हेमांगी हिचा अलिबागहून फोन आला. जिल्ह्यातल्या जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीची सरकारी यादी व्हायची होती आणि त्यातल्या सर्वांत धोक्यातल्या पहिल्या पाच वास्तू पावसाळ्याआधी सावरल्या जाणार होत्या. प्रत्येक वास्तू आज जशी आहे तशी नोंदवणं हे हेमांगीचं काम. भिंतींची लेसरने मापं घ्यायची, एकेका भेगेला क्रमांक देऊन फोटो काढायचा आणि सगळं टॅबमध्ये भरायचं.

"सर, फक्त दार उघडून ठेवायला सांगा," ती म्हणाली.

मी मोरूला तसं सांगितलं, आणि सवयीने वर जोडलं, "जरा नीटनेटकं करून ठेव हो."

शुक्रवारी आम्ही गेलो, तर दाराला आंब्याचं तोरण होतं. भिंती पांढऱ्याशुभ्र, खाली गेरूचा पट्टा. मागच्या भिंतीतली मोठी भेग कुठे होती हे मलाही शोधावं लागलं.

हेमांगी उंबऱ्यातच थबकली. "मोरूकाका, हे कधी केलंत?"

"काल संपवलं. पावनी येनार म्हनल्यावर तसंच ठेवायचं व्हय?"

"आमच्या घराला तीन दिवाळ्या चुना न्हाय," त्याची बायको सोनाबाई म्हणाली, "आन हितं बघा, नवरीवानी नटवलीय!"

सगळे हसले. हेमांगी हसली नाही. तिपाईवरचं यंत्र फिरलं आणि मागची भिंत मध्यावर चार बोटं बाहेर फुगलेली दिसली. जुन्या भिंती कधी कधी मुळातच तशा असतात, पण सोबत तडा असेल तर भिंत सरकते आहे असं समजायचं. तिने तिथे हात फिरवला.

"काका, इथे तडा होता का?"

मोरूने माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. "न्हाय, ताई. देवीच्या जागंला कसला तडा?"

मला ती भेग ठाऊक होती. चार माणसांत त्याला खोटं पाडणं माझ्याच्याने झालं नाही. वाटलं, एवढं यंत्र आहे, त्याला कळेलच.

"सर, मला दिसतं तेवढंच लिहिता येतं," हेमांगी निघताना म्हणाली. तिने लिहिलं होतं: मागची भिंत, फुगवटा, तडा दिसत नाही.

यादीत धर्मशाळा अकरावी आली.

जुलैत एका दुपारी मागची भिंत बसली आणि तिच्यामागोमाग छप्पर. आत कोणी नव्हतं. हेमांगी पडलेलं नोंदवायला परत आली, तेव्हा मोरू दगडांच्या ढिगाऱ्यावर छत्री धरून बसला होता.

"ताई, लिवा," तो म्हणाला. "खिडकीच्या डाव्या अंगाला, खालनं तिसऱ्या दगडापासून. दोन पेरं खोल. तिच्यावर आडवी एक, करंगळी जाईल एवढी."

दर वेळी तो ते नख गेलेलं बोट वर धरून खोली दाखवायचा. जिथे भिंत नव्हती तिथे हात करून त्याने सतरा भेगा सांगितल्या. टॅबमध्ये त्यांना रकाना नव्हता. हेमांगीने सगळ्या 'इतर शेरा' यात लिहिल्या, खाली मोरूचं पूर्ण नाव घातलं.

"काका, त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली, ताई. चावी माज्याकडं, आन भिंत फुटलेली."

धर्मशाळा यादीतून गेली. यंदाच्या दिवाळीत मी मोरूकडे गेलो, तेव्हा चावी खुंटीला तशीच होती. घराच्या ओटीच्या भिंतीला नवी भेग पडली होती.

"दोनदा चुना भिजवून दिला," सोनाबाई म्हणाली. "दोनदा सुकला. हे हात लावीत न्हायत."

"ऱ्हाऊ दे," मोरू म्हणाला. "कोन बघाया आलं तर दिसाया नको?"

"आपल्या घराला कोन येतंय बघाया?"

 मोरूने भेगेत बोट घातलं, काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"एक पेर, गुरुजी."