काकांच्या गाडीचं इंजिन

तापलेल्या ऑइलचा वास आला की मला अर्विंग शहरातलं एक गराज आठवतं. तिथल्या एका रिटायर्ड इंजिनिअर काकांनी इंग्लंडहून सुटे भाग मागवून दोन सीटची हलकी स्पोर्ट्स कार स्वतः जोडली होती, आणि ती त्यांना विकायची होती म्हणून मी बघायला गेलो होतो. "इंजिनसुद्धा अस्सल ब्रिटिश!" ते अभिमानाने म्हणाले. मी बॉनेटखाली टॉर्च मारला, तर इंजिनचा नंबर घासून काढलेला आणि खालच्या बाजूला बारीक जपानी अक्षरं. हा माणूस आपल्याला फसवतोय, अशी माझी खात्रीच झाली. मी तोंड उघडणार तोच काकूंनी चहाच्या निमित्ताने मला किचनमध्ये नेलं. "हे हॉस्पिटलमध्ये असताना मुलाने गाडी बाहेर काढली आणि इंजिन जाम झालं," त्या हळूच म्हणाल्या, "मग त्याने दुसरं बसवलं. यांना माहीत नाही रे, प्लीज सांगू नकोस." मी परत आलो तेव्हा काकांनी गाडी स्टार्ट केली होती. माझ्याकडे रोखून बघत त्यांनी विचारलं, "कसा वाटतो आवाज?" "अस्सल ब्रिटिश," मी म्हणालो. काका हसले, पण काकूंकडे बघून. गाडी मी घेतली नाही. मात्र प्रत्येक बोल्ट स्वतः आवळलेल्या माणसाला काहीच कळलं नसेल, यावर आजही माझा विश्वास बसत नाही.