अडतीसचा ब्लाउज

"श्वास सोडा बाई, सगळा सोडा!" शिवणकामाच्या मॅडम ओरडत होत्या. मी श्वास सोडला, पोट पाठीला नेऊन लावलं, तरी ब्लाउजचे हुक काजांपर्यंत पोचेनात. मधला एक जोर करून लावला, तो असा उडाला की बहुधा नागोठण्याला अंबा नदीतच पडला असावा. रोह्याच्या आयटीआयमधल्या त्या वर्गात तरी तो पुन्हा कोणाला दिसला नाही.

शेवटची परीक्षा चालली होती. नियम असा की स्वतःचं कोणी शिवायचं नाही. बाकावरच्या जोडीदारणीचा ब्लाउज शिवायचा आणि परीक्षक बाईंसमोर तिला घालून दाखवायचा. मी पेणची निवृत्त शिक्षिका, विरंगुळा म्हणून आलेली. माझी जोडीदारीण कासूला गाडीत चढायची, मिठागरावर राबणाऱ्या घरातली. बाक एक असला तरी गाडीत आमचे डबे वर्षभर वेगळेच. मी तिचं माप हातभर अंतरावरून नजरेनंच घेतलं होतं, आणि त्या ब्लाउजात त्यांचं अख्खं मिठागर मावलं असतं. मी नापास झालेच होते, पण माझं काय बिघडणार होतं? तिला मात्र शिलाई केंद्रात काम मिळणार होतं ते सर्टिफिकेट दाखवल्यावरच.

परीक्षक बाईंनी तिची मापाची वही पाहिली. छाती अडतीस. ब्लाउजही अडतीसच भरला. मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माप कोणी घेतलं म्हणून तिला विचारलं.

"मीच," ती खाली बघत म्हणाली.

हे साफ खोटं होतं. माझं माप मीच पडद्याआड घेतलं होतं आणि आकडे बाहेर ओरडून सांगितले होते, तेही माझ्या लग्नातले.

जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून दटावलं, आणि त्या दिवशी उघड्या हुकांवर पदर ओढून भर वर्गात कबूल करावं लागलं की खरी छाती बेचाळीस आहे. वर्ग असा हसला की स्टेशनातली गाडी घाबरून आधीच सुटली म्हणतात. परीक्षक बाई हसल्या नाहीत. अर्ध्या तासात उसवून बसवून दाखव, एवढंच त्या तिला म्हणाल्या.

तिनं पट्टी घेऊन पहिल्यांदाच माझ्याभोवती हात घातले. मग तिनं कुशीच्या शिवणी उसवल्या, तर आत दोन्हीकडे दोन-दोन इंच जादा कापड दुमडून ठेवलेलं. आमच्या वर्गात एवढं कोणीच ठेवत नसे. वेळ संपायच्या आत सगळे हुक लागले आणि ती पास झाली.

परतताना मी तिच्याच डब्यात चढले, शेजारी बसले. म्हटलं, "तुला माझं खरं माप कळलं होतं ना गो? मग तेव्हाच का नाही बोललीस?"

पिशवीतून डबा काढत ती म्हणाली, "पट्टी तुमी मना दिलीच नाय."