हालस्टाइनचा बूट

बोर्गहिलच्या तळघरात इस्त्रीचं एक टेबल आहे. त्याच्यावर कपडा कधी पडत नाही.

अकरा वर्षांपूर्वी स्की क्लबातली मेणाची खोली तिच्या ताब्यात होती. शर्यतीच्या सकाळी दरीतली प्रत्येक स्की मेण लावून घ्यायला तिच्या हाताखालून जायची. त्या वर्षी रिलेच्या शेवटच्या टप्प्यात हालस्टाइन आघाडीवर होता, आणि चढावर मागे पडला. रेषा ओलांडताच ओरडला, "बोर्गहिलनं मेणाची वाट लावली!"

आमच्याकडे हरलेला माणूस मेणालाच दोष देतो. कुणी मनावर घेत नाही. पण हालस्टाइन क्लबाचा अध्यक्ष. त्यानं मनावर घ्यायला लावलं. खोलीची किल्ली गेली. दुकानात लोक विचारू लागले, "काय बोर्गहिल, पावाला लोणी तरी नीट लागतं ना?"

किल्ली दिली त्या संध्याकाळी तिनं खोलीमागच्या कचऱ्यातून एक बूट उचलला. तळवा उकललेला. हालस्टाइनचा.

बाजारातला स्की धरायचा शिकंजा तिला परवडणारा नव्हता. तिनं सासूबाईंचं इस्त्रीचं टेबल खाली आणलं. पलंगाची फळी त्यावर ठोकली. दोन टोकांना लाकडाचे ठोकळे, त्यांवर सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर, म्हणजे स्की सरकत नाही. टेबल डुगडुगू नये म्हणून खाली बटाट्यांचं पोतं टांगलं. मग बुटाचं पुढचं टोक करवतीनं कापून फळीच्या मधोमध पालथं बसवलं. स्की उलटी ठेवली की तिच्यावरची बूट अडकवायची पकड त्या बुटात खट्कन बसते. पायात बसते तशीच. मग जुनं मेण कितीही जोरात खरवडा.

हळूहळू लोक मागच्या दारानं येऊ लागले. पुढच्या दारानं कुणी आलं नाही.

यंदा मार्चात शर्यतीच्या आदल्या दिवशी बर्फ ना कोरडा, ना ओला. असल्या बर्फात भल्याभल्यांचं मेण फसतं. दुपारी मागचं दार वाजलं. हालस्टाइन उभा होता. काखेत घोंगडीत गुंडाळलेल्या स्की.

"घोंगडी कशाला रे? सर्दी झालीय का त्यांना?"

"थट्टा नको, बोर्गहिल. क्लबातली पोरं नुसता चिखल करून ठेवतायत. आमच्या पन्नाशीपुढच्या गटात उद्या मला ढाल हवीय."

त्याची नजर टेबलावर गेली. "हा बूट..."

"तुझाच. नाक तेवढं ठेवलं. बाकीचा शेगडीत गेला."

तो खाकरला. "किती द्यायचे?"

"पैसे नकोत. उद्या सुरुवातीआधी रागनफ्रिदच्या वाफलच्या टपरीसमोर स्की घालून बघायच्या. कशा आहेत ते मोठ्यानं सांगायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

तो गेला. तिनं त्याची स्की त्याच्याच बुटात अडकवली. इस्त्री तापवली. टोकांना घसरायचं मेण लावलं. मधे, पावलाखाली, बर्फाला धरून ठेवणारं मेण लागतं. तिथं घसरायचं मेण गेलं, तर पहिल्याच चढावर माणूस अख्ख्या दरीसमोर मागे घरंगळतो. तिनं इस्त्री तिथवर नेली. मेणाचा एक थेंब कडेला लोंबकळला.

तो असा घरंगळतोय, हे दृश्य तिनं वर्षानुवर्षं मनात चघळलं होतं.

मग तिला दिसलं, तो रेषा ओलांडतोय आणि तेच वाक्य म्हणतोय. आणि या वेळी ते खरं असेल.

तिनं इस्त्री मागे घेतली. "कारण देणार नाही तुला," ती बुटाला म्हणाली. आणि जन्मात कुणाच्या केल्या नव्हत्या इतक्या निगुतीनं त्याच्या स्की केल्या.

सकाळी टपरीसमोर हालस्टाइन चढावर चढला, खाली घसरला. त्याला राहवलं नाही. "काय पकड आहे! आणि घसरण, लोणी नुसतं!"

"ऐकलं हो सगळ्यांनी," रागनफ्रिद वाफल उलटत म्हणाली.

शर्यतीत उतारावर तो काठ्या काखेत मारून नुसता बसला, तरी दोघांना मागे टाकून आघाडीवर गेला. लोकांनी आ वासला. मग शेवटचा चढ आला. ते दोघे त्याच्या पुढे गेले. मग तिसरा. मग एक आजोबा. त्याची स्की बोटभरही मागे सरकली नाही. फक्त त्याची छाती भात्यासारखी चालली होती.

"काय झालं रे?" रेषेवर कुणीतरी विचारलं.

"मे..." हालस्टाइन सवयीनं म्हणाला, आणि थांबला.

"मेण तर लोणी होतं ना?" रागनफ्रिद शेजारच्या टपरीतून म्हणाली.

 मग चौथ्या आलेल्या आजोबांनी टोपी काढली. "मग त्या रिलेत काय झालं होतं, हालस्टाइन?"

तो वाकून स्की सोडवू लागला. उत्तर सगळ्यांना ऐकू आलं. "दम संपला होता माझा."

बोर्गहिल तपकिरी चीज घातलेली वाफल खात होती. तिनं ती संपवली. बोटं पुसली.

दुसऱ्या दिवशी हालस्टाइन तिच्या पुढच्या दारात उभा. हातात मेणाच्या खोलीची किल्ली.

"ती ठेव तुझ्याकडे," ती म्हणाली. "त्या बुटाचा जोडीदार आहे का घरी? आणून दे. गर्दी वाढणार आता, दुसरं टेबल करावं लागेल."

संध्याकाळी तो बूट घेऊन आला.

तिनं त्याच्यासमोरच करवत काढली.