तूर्त अडचण नाही

कुवाबारा-सान आज आपलं भाताचं मोठं पातेलं माझ्या लेकीला, मिओला देऊन गेल्या, तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. महिनाअखेरीनंतर जिला कुठंतरी भात शिजवायचाय, ती बाई पातेलं वाटून टाकत नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला लोखंडाच्या कारखान्यातल्या कामगारांचं वसतिगृह आहे. कुवाबारा-सान बावीस वर्षं तिथं स्वयंपाक करतात आणि तिथल्याच जिन्याखालच्या खोलीत राहतात. मी कामावर असताना माझी मिओ त्यांच्या ओट्याशीच वाढली. एकतीस मार्चला वसतिगृह बंद होतंय. नोकरी आणि छप्पर एकाच दिवशी जाणार. वय एकसष्ट.

नोटीस फेब्रुवारीत आली. हाताशी वेळ होता, म्हणून मीच त्यांना वॉर्ड ऑफिसात ओढत नेलं. पहिल्या मजल्यावर नोकऱ्यांची खिडकी. "आधी पत्ता पक्का करा." दुसऱ्यावर घरांची. "आधी नोकरीचा दाखला आणा."

"अहो, तुमच्यामध्ये फक्त एक जिना आहे. एकमेकांना विचारा की!" मी म्हटलं. खिडकीतला माणूस वाकून वाकून माफी मागत राहिला. फोनला काही त्यानं हात लावला नाही.

तिसऱ्या मजल्यावर सरकारी मदतीची खिडकी. तिथल्या तरुणानं अगत्यानं विचारलं, "सध्या कसं चाललंय?"

"छान चाललंय. तुम्हालाच उगाच त्रास," कुवाबारा-सान हसून म्हणाल्या.

मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला, पण तोवर त्यानं लिहूनही टाकलं होतं: तूर्त अडचण नाही. "खोली सुटली की लगेच या हं."

"म्हणजे फुटपाथवर आल्यावर?" मी विचारलं.

"तसं नाही... आणि अर्ज केलात, तर घरच्यांना पत्र जाईल. ते सांभाळू शकतात का, असं विचारणारं."

कुवाबारा-साननी पर्सची चेन ओढून बंद केली. तोत्तोरीतल्या भावाला त्यांनी खोटंच सांगून ठेवलंय, की कंपनी निवृत्तीनंतर फ्लॅट देणार आहे.

बाहेर आल्यावर माझा तोल गेला. "छान काय चाललंय? खरं सांगायला काय झालं होतं?"

"मिओच्या आई, परक्या माणसापुढे पहिल्याच भेटीत गळा काढायचा का? आमच्याकडे जेवायला बसणाऱ्या पोरांएवढं होतं ते."

"त्या पोरानं तुमचं 'छान' लिहून घेतलं ना!"

"घेऊ दे. माझ्यासाठी पुन्हा कुणाशी भांडू नकोस. लाज वाटते मला."

मी गप्प बसले. तब्बल तीन आठवडे गप्प बसले, आणि या सगळ्यात मला सर्वांत जास्त राग माझाच येतो.

परवा भाजीच्या दुकानात मदतीच्या खिडकीतल्याच वयस्क मोरिवाकी-सान भेटल्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "पत्र पाठवू नका, अशी विनंती करता येते."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

मुळ्यांच्या ढिगाशेजारी मला रडावं की ओरडावं कळेना. त्यांनी आपला ऑफिसातला नंबर लिहून दिला. मी धावत कुवाबारा-सानकडे गेले, तर म्हणतात, "राहू दे गं. मी बघते काहीतरी." काय बघणार? दोन आठवडे उरलेत.

ऑफिस नऊला उघडतं. उद्या मी मोरिवाकी-सानना फोन करणार आहे. सांगणार आहे, की बाई ठीक नाहीत. तिन्ही मजल्यांची माणसं एका टेबलाशी बसवा, भावाला पत्र धाडू नका आणि याच आठवड्यातली वेळ द्या. मी त्यांना घेऊन येते. कुवाबारा-सान कदाचित माझ्याशी बोलणं टाकतील. टाकू देत.